ब्लोअरचा रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतोय? नवा बसवण्याआधी मोटारीचा करंट मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात-आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. एसीचा पंखा, म्हणजे ब्लोअर, १, २, ३ वर बंद पडला, फक्त ४ वर जोरात चालतो. गॅरेजमध्ये रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा पार्ट) बदलला, काही महिने बरं चाललं, मग परत तेच. दुसरा बसवला, तोही गेला. आता मेकॅनिक म्हणतोय, "हल्ली माल लोकल येतो साहेब, या वेळी ओरिजिनल मागवू." ओरिजिनल टाकल्यावर तरी प्रश्न सुटेल का?

बहुधा नाही. लोकल माल वाईट असतो हे खरं आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण एकाच गाडीत एकामागून एक रेझिस्टर जात असतील तर दोष रेझिस्टरच्या बाहेर शोधायचा. तो बहुतेक वेळा ब्लोअर मोटारीत सापडतो, नाहीतर कपलरमध्ये (रेझिस्टरला वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये), नाहीतर हवेच्या वाटेत. या तिन्ही ठिकाणी हात न लावता ओरिजिनल पार्ट टाकला तर तो थोडा जास्त टिकेल आणि जास्त पैसे घेऊन जाईल, एवढाच फरक.

आधी सर्किट समजून घेऊ. ब्लोअरची मोटार साधी डीसी मोटार असते, कार्बन ब्रशवाली. बॅटरीकडून फ्यूज, रिले आणि मग मोटार. मोटारीतून बाहेर पडणारा करंट रेझिस्टरमधून स्पीडच्या स्विचकडे आणि तिथून अर्थला जातो. काही गाड्यांत हा क्रम उलटा असतो, पण तत्त्व तेच. रेझिस्टरच्या पट्टीवर नायक्रोमच्या (जास्त रोधाच्या मिश्रधातूच्या) तारेची दोन-तीन वेटोळी एकाला एक जोडलेली असतात. नव्या गाड्यांत वेटोळ्यांऐवजी सिरॅमिकच्या पातळ पट्टीवर छापलेली रोधाची रेघ असते. १ वर सगळी वेटोळी सर्किटमध्ये येतात, २ वर त्यातली काही, ३ वर एकच. ४ वर रेझिस्टर पूर्ण बाजूला राहतो आणि मोटारीला थेट करंट मिळतो. याच पट्टीवर वेटोळ्यांच्या सिरीजमध्ये एक थर्मल फ्यूज असतो. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की तो एकदाच उघडतो आणि परत जुळत नाही. तुमच्या गाडीत १, २, ३ एकदम गेले आणि ४ शाबूत राहिला, याचा अर्थ बहुधा हा थर्मल फ्यूजच गेला आहे.

आता उष्णतेचा हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, पण छोट्या गाडीत साधारण याच पट्टीत येतात. इंजिन चालू असताना १३.५ व्होल्ट धरा. मोटार चांगली असेल तर ४ वर ती १४ अँपिअरच्या आसपास घेते. ३ वर ०.५ ओहमचं वेटोळं मध्ये आलं की करंट ८ अँपिअरवर येतो. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ३२ वॅट. २ वर १.१ ओहम आणि साडेपाच अँपिअर, ३३ वॅट. १ वर २.२ ओहम आणि साडेतीन अँपिअर, २७ वॅट. म्हणजे पंखा हळू असो की मध्यम, त्या बोटभर पट्टीवर एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू आहे असं समजा. आणि हे सगळं ठीक चाललेलं असतानाचं गणित आहे. ही उष्णता वाहून न्यायला दुसरं काहीही नाही, फक्त ब्लोअरची स्वतःची हवा. म्हणूनच रेझिस्टर डक्टच्या आत, वाऱ्याच्या तोंडावर बसवलेला असतो.

मोटारीचं बुश, म्हणजे ज्यात शाफ्ट फिरतो ती कडी, सुकलं किंवा गंजलं की काय होतं ते बघा. मोटार जड फिरते. डीसी मोटार जितकी हळू फिरेल तितकी ती उलट्या दिशेने कमी व्होल्टेज तयार करते आणि तितका जास्त करंट ओढते. समजा ३ वर ८ च्या जागी ११ अँपिअर जायला लागले. वाढ फक्त तीन अँपिअरची आहे, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण वर्गाचा हिशेब लावला की उष्णता ३२ वरून ६० वॅटवर जाते, जवळजवळ दुप्पट. त्याच वेळी पंख्याचा वेग सुमारे दोन तृतीयांशावर आलेला असतो, म्हणजे थंड करणारी हवाही एक तृतीयांशाने घटली. तापवणारं दुप्पट, निववणारं कमी. थर्मल फ्यूज किती दिवस टिकणार? बाहेरून बघणाऱ्याला मात्र "पंखा चालतोय" एवढंच दिसतं.

यापेक्षाही वाईट अवस्था म्हणजे मोटार पूर्ण अडकणं, आणि ती १ किंवा २ वरच आधी अडकते. कारण तिथे मोटारीला सुटण्यापुरता जोर मिळत नाही. तुम्ही १ वर बटण ठेवता, हवा येत नाही, तुम्हाला वाटतं पंखा बंद आहे. प्रत्यक्षात करंट वाहतोय आणि हवा शून्य आहे. वरच्याच आकड्यांनी, मोटारीचा स्वतःचा रोध ०.३ ओहम धरला तर १ वर अडकलेल्या मोटारीतून सुमारे ५.४ अँपिअर जातात आणि रेझिस्टरवर ६४ वॅट तयार होतात. ३ वर अडकली तर १७ अँपिअर आणि १४० वॅटच्या वर. बंद डक्टमध्ये, प्लॅस्टिकच्या पेटीत.

इथे हमखास विचारलं जातं की मग फ्यूज का उडत नाही. कारण फ्यूज ३० अँपिअरचा आहे आणि जातात १७. रेझिस्टर स्वतःच करंटला आवर घालतो, त्यामुळे फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. फ्यूजबॉक्समधला फ्यूज वायरिंग वाचवण्यासाठी आहे. रेझिस्टरच्या अति तापण्यापासून वाचवणारी गोष्ट एकच, पट्टीवरचा तो छोटा थर्मल फ्यूज. आणि आपल्याकडे काही ठिकाणी नेमकी हीच गोष्ट "डायरेक्ट" केली जाते. थर्मल फ्यूजच्या दोन पायांवर वायरचा तुकडा सोल्डर केला की १, २, ३ लगेच चालू, पार्टचे पैसे वाचले, गिऱ्हाईक खूश. हे काम करू नका आणि कुणाला करू देऊ नका. मी हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण याचा परिणाम एका देशाने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे.

ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल कंपनीच्या झाफिरा-बी या सात आसनी गाडीला डॅशबोर्डच्या भागातून आग लागण्याच्या घटना घडल्या. ज्या गाड्यांत एसी नव्हता किंवा हाताने चालवायचा एसी होता, म्हणजे ज्यांत ब्लोअरचा वेग रेझिस्टरने बदलायचा, त्याच गाड्या यात सापडल्या. २०१५ च्या शेवटी कंपनीने दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. तेव्हा सांगितलेलं कारण होतं थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. ब्लोअर मोटारीत ओल जाऊन गंज चढतो आणि मोटार अडकते, हेही पुढे आलं आणि २०१६ मध्ये त्याच गाड्या दुसऱ्यांदा बोलवाव्या लागल्या. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने चौकशी केली आणि २०१७ मध्ये अहवाल देताना कंपनीवर कडक टीका केली. आपल्या धंद्यातल्या माणसाने यातून घ्यायची गोष्ट सरळ आहे. पहिल्या वेळी सगळ्यांचं लक्ष रेझिस्टरवर होतं. मोटार का अडकते हा प्रश्न नंतर आला. आपल्या गॅरेजमध्येही रोज हाच क्रम चालतो.

आता तुमचा जळलेला रेझिस्टर. तो फेकला नसेल तर मेकॅनिककडून मागून घ्या. त्याच्याकडे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं. वेटोळी चकचकीत, सरळ आणि शाबूत असतील, पण मल्टिमीटर लावल्यावर थर्मल फ्यूजच्या दोन टोकांत काहीच दाखवत नसेल, तर रेझिस्टर हळूहळू, बराच वेळ तापत राहिला आहे. जड मोटार किंवा कमी हवा. तार तुटलेली असेल आणि तुटलेल्या टोकाला वितळलेला बारीक मणी दिसत असेल, आजूबाजूचं सिरॅमिक काळं पडलं असेल, तर करंट एकदम खूप वाढला होता आणि थर्मल फ्यूजने काम केलं नाही, किंवा तो आधीच कुणीतरी डायरेक्ट केला होता. पायांवर हिरवा किंवा पांढरा थर असेल तर पाणी पोचलंय. वेटोळ्यांमध्ये पानाची राख किंवा कापसासारखा कचरा अडकला असेल तर हवेची वाट बघा. आणि पट्टी स्वच्छ असून फक्त एका पिनेचा बुडखा तपकिरी आणि प्लॅस्टिक त्या कोपऱ्यात भाजलेलं असेल, तर रेझिस्टर निर्दोष आहे. गुन्हेगार कपलर आहे.

मोजमापाकडे येऊ, कारण खरं उत्तर तिथेच मिळतं. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) घ्या, पण डीसी मोजणारा. बाजारातले बरेचसे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, ते इथे शून्य दाखवतील आणि तुम्ही म्हणाल मोटार ठीक आहे. मोटारीच्या एका वायरवर क्लॅम्प लावून इंजिन चालू ठेवा, पंखा ४ वर, आणि पाच-दहा मिनिटं चालू द्या. गार मोटार आणि तापलेली मोटार यांचे आकडे वेगळे येतात. सुकलेलं बुश तापल्यावर जास्त आवळतं. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीवर तेच मोजा. पुस्तकात आकडा शोधण्यापेक्षा हा ताळा जास्त भरवशाचा. दोन-तीन अँपिअरचा फरक आला तर मोटार बाहेर काढायची, वाद घालायचा नाही.

डीसी क्लॅम्प नसेल तरी अडत नाही. नवा रेझिस्टर बसवण्याआधी त्याच्या ३ नंबरच्या वेटोळ्याचा रोध त्याच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने मोजून लिहून ठेवा. अर्ध्या ओहमची गोष्ट आहे, म्हणून मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून जो आकडा येतो, बहुतेक मीटरवर ०.२ किंवा ०.३, तो वजा करा. मग रेझिस्टर बसवून पंखा ३ वर लावा आणि त्याच दोन पिनांमधले व्होल्ट मोजा. व्होल्टला ओहमने भागलं की करंट मिळाला. ४ व्होल्ट आणि ०.५ ओहम, म्हणजे ८ अँपिअर. नायक्रोम तापल्यावर त्याचा रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे कामापुरता आकडा बरोबर येतो. पन्नास पैशांचाही खर्च नाही, आणि तरीही ही चाचणी करणारा माणूस विरळा.

मोटार काढणं बहुतेक हॅचबॅकमध्ये सोपं असतं. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली वाकलं की दोन-तीन स्क्रू आणि एक कपलर. पंख्याचा पिंजरा हाताने फिरवा. चांगली मोटार चुंबकाचे हलके झटके देत थोडी फिरून सावकाश थांबते. जड मोटार बोट काढताक्षणी थांबते, कधी एका जागी खरखरते. शाफ्ट वरखाली, आजूबाजूला हलवून बघा. पिंजऱ्याच्या आत पानं, धूळ, उंदराने आणलेला कागद-कापूस निघाला तर आश्चर्य नाही. बोनेटखाली उंदरांचा वावर असलेल्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. एका बाजूला साचलेल्या कचऱ्याने पिंजऱ्याचा तोल जातो, मोटार थरथरते आणि बुश एका बाजूने झिजतं. बुशला तेलाचे दोन थेंब सोडून काही महिने काढता येतात, हे मी नाकारत नाही, पण ते तेल ब्रशवर गेलं तर कार्बनचा चिखल होतो आणि मोटार आणखी लवकर जाते. खेळ आलेली, गंजलेली मोटार बदलावी, हे माझं स्पष्ट मत.

पाणी कुठून येतं? काचेखालच्या जाळीतून. वायपरच्या खाली जो खळगा असतो तिथे पानं साचतात, पाणी निघण्याची भोकं बुजतात आणि पावसाळ्यात ते पाणी ताज्या हवेच्या वाटेने थेट ब्लोअरवर उतरतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या, विशेषतः कोकणातल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. चार महिने ओल खाल्लेली मोटार ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर ३ वर चालते आणि मग रेझिस्टर जातो. लोक म्हणतात उन्हाने गेला.

फिल्टरबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की जाणकारही तो सांगतात: "एसी फिल्टर चोंदला की मोटारीवर लोड येतो, करंट वाढतो." उलट आहे. ब्लोअरचा पिंजरा जितकी हवा ढकलतो तितकंच त्याला काम पडतं. वाट अडवली की हवा कमी, काम कमी, करंट कमी. क्लॅम्प लावून हवा आत घेणाऱ्या तोंडावर पुठ्ठा धरा, मोटारीचा आवाज चढेल आणि अँपिअर उतरतील. मग चोंदलेल्या फिल्टरने रेझिस्टर का जातो? कारण रेझिस्टरवरून जाणारी हवा घटते. करंट थोडा उतरला तरी निववणारा वारा त्याहून जास्त घटलेला असतो. म्हणजे सल्ला बरोबर, कारण चुकीचं. कारण माहीत असलेलं बरं, नाहीतर "करंट तर कमी दाखवतोय, मोटार मस्त आहे" असं म्हणून तुम्ही फिल्टर तसाच ठेवाल. फिल्टर काढून टाकणं हा उपाय नाही. मग सगळी पानं पिंजऱ्यात, धूळ कूलिंग कॉइलवर, आणि तीच अडचण कायमची.

कपलरचा दोष मात्र स्वतंत्र आहे आणि तो अनेकदा मोटारीच्या दोषाबरोबरच येतो. पीन सैल झाली किंवा गंजली की तिथे ०.०५ ओहमचाही रोध पुरेसा होतो. १० अँपिअरला ५ वॅट. आकडा लहान वाटतो, पण तो एका टाचणीएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत आहे. पीन तापते, तापल्याने स्प्रिंगचा दाब जातो, दाब गेल्याने रोध वाढतो, पुन्हा तापते. अमेरिकेत २०१७ मध्ये बीएमडब्ल्यूने २००६ ते २०११ च्या थ्री सिरीजच्या सुमारे पावणेसात लाख गाड्या परत बोलावल्या, त्या ब्लोअर रेग्युलेटरच्या वायरिंग आणि कपलर तापण्याच्या धोक्यामुळेच. तेव्हा महाग गाडी म्हणून हा दोष होत नाही असं नाही. पंखा चालू ठेवून कपलरच्या वायर आणि पिनेमधले व्होल्ट मोजा; ०.१ ते ०.२ च्या वर आले तर ती जोडणी खराब समजा. नवा रेझिस्टर भाजलेल्या कपलरमध्ये कधीच खोचू नये. कपलर वायरच्या शेपटीसकट मिळतो. मूळ जाडीची वायर घ्या, जोड क्रिंप करा, नुसती पीळ देऊन टेप गुंडाळू नका. बऱ्याच गाड्यांत ४ चा करंटही याच कपलरमधून जातो, त्यामुळे कपलर भाजलेला असेल तर "तोपर्यंत ४ वर चालवू" हे सुरक्षित नाही. कपलर स्वच्छ असेल आणि मोटारीचा करंट बरोबर असेल तर पार्ट येईपर्यंत ४ वर चालवायला हरकत नाही.

आता लोकल माल. वाईट रेझिस्टरमध्ये तीन खोड्या असतात: तार बारीक, थर्मल फ्यूज गायब किंवा नावापुरता, आणि रोधाचे आकडे भलतेच. विकत घेताना जुना सोबत न्या, दोन्ही मोजा. एसी आणि बिगर एसी मॉडेलचे रेझिस्टर काही गाड्यांत एकसारखे दिसतात, पण आकडे वेगळे असतात. पट्टीवर थर्मल फ्यूज नसेल तर तो पार्ट परत करा, किंमत कितीही कमी असो.

आणि बसवण्याची गोष्ट. डक्टमधली जागा हाताला येत नाही म्हणून रेझिस्टर वायरवर लोंबकळत ठेवणारे लोक आहेत. पंखा लगेच चालतो, गाडी ताब्यात मिळते. पण तो रेझिस्टर वाऱ्यात नाही, कार्पेटशेजारी आहे. तो त्याच्या खिडकीत, गॅस्केटसकट, दोन्ही स्क्रू घट्ट करूनच बसला पाहिजे. तो घट्ट बसलाय ना ते हाताने तपासून घ्या, पण पंखा नुकताच बंद केला असेल तर पट्टीला बोट लावू नका, भाजेल.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत वेटोळ्यांऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांवर बसवलेला ट्रान्झिस्टरचा मॉड्यूल असतो. तिथे पार्ट कित्येक पट महाग, पण वर लिहिलेलं सगळं तसंच लागू. मध्यम वेगाला तो सगळ्यात जास्त तापतो आणि जड मोटार त्यालाही मारते.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर ओरिजिनल रेझिस्टरची ऑर्डर आज देऊ नका. आधी मेकॅनिकला ४ वर मोटारीचा करंट मोजायला सांगा, तुमच्यासमोर. मोटार काढून पिंजरा फिरवून बघा, फिल्टर बघा, कपलर उघडून चारही पिना बघा, काचेखालची जाळी साफ करून तिथे पाण्याचा एक तांब्या ओता आणि ते गाडीखाली कुठून पडतं ते पाहा. सात-आठ वर्षांची गाडी आणि लागोपाठ गेलेले रेझिस्टर, यावरून माझा अंदाज मोटार बदलावी लागेल असाच आहे. नवी मोटार आणि नवा रेझिस्टर एकदम बसवा, आणि त्याच दिवशी चारही वेगांवरचे अँपिअर सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर परत मोजाल तेव्हा ताळ्याला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.